खोकडासाठी काडतूस

बळवंत जगतापने सैन्यात सतरा वर्षं काढली आणि त्या सतरा वर्षांत त्याने मारली ती फक्त लंगरमधली झुरळं. तो पलटणीचा स्वयंपाकी होता. रोज दीडशे माणसांची कणीक, चार मोठी पातेली डाळ, आणि उंचावरच्या ठाण्यावर बदली झाली की गोठलेले बटाटे कोमट पाण्यात घालून ते मऊ व्हायची वाट बघत बसायचं. वर्षातून एकदा सगळ्यांबरोबर त्याच्याही हातात रायफल देऊन पाच गोळ्या झाडून घेत, तेवढाच त्याचा आणि बंदुकीचा संबंध. यात कमीपणा काही नव्हता. पण बळवंतला तो वाटायचा, आणि एकदा माणसाला वाटायला लागलं की त्यावर इलाज नाही.

पेन्शनीत आल्यावर तो जयपूरला बँकेचा गार्ड म्हणून लागला. सोडाल्याच्या शाखेत दारापाशी स्टूल, खांद्याला बँकेची बारा बोअरची बंदूक, मिशीला पीळ. पहिल्याच दिवशी तेव्हाच्या कॅशियरने विचारलं, "फौजी साहब, बॉर्डर पर थे?" बळवंत म्हणाला, "थे." खोटं काय होतं त्यात? सरहद्दीवर तो होताच, कढईसकट. कढईचं तेवढं त्याने सांगितलं नाही. पुढच्या अकरा वर्षांत लोकांनी आपल्या मनाने त्यावर मजले चढवले आणि यानेही कधी कोणाला अडवलं नाही. मुलगी मयूरी शाळेत असताना वडिलांवरच्या हिंदी निबंधात तिने लिहिलं की पप्पांनी बर्फात रात्रभर दबा धरून शत्रू टिपले. पहिला नंबर आला. तेव्हा शास्त्री नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात त्याची बायको रत्नमाला त्याला ओट्यापाशी बोलावून दबक्या आवाजात म्हणाली, "आवं, पोरीला तरी खरं सांगा." "सांगतो की," बळवंत म्हणाला. मयूरी आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सांगायचं राहिलंच होतं.

यंदाच्या थंडीत शाखेचे मॅनेजर प्रथमेश साठे यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साठे पुण्याहून बदलून आलेला तरुण मुलगा, बळवंतला 'काका' म्हणायचा. समोर राणावतजी बसले होते. प्रताप नगरच्या पुढे, टोंक रस्त्यावरून आत, त्यांचं कोंबड्यांचं फार्म होतं. बँकेचे जुने ग्राहक, त्यामुळे चहा कपबशीतून आला होता.

"काका, राणावतजींच्या कोंबड्या खोकड नेतंय. आठवड्यात अकरा गेल्या," साठे म्हणाला. "त्यांच्या वडिलांची बारा बोअर आहे, परवाना आहे, पण काडतूस कुठलं घ्यावं ते त्यांना कळत नाहीये. मी म्हटलं, आमच्याकडे सरहद्दीवरचा माणूस असताना काळजी कसली?"

'साहेब, मला त्यातलं काही कळत नाही' एवढं बोलून बळवंतला पुन्हा स्टुलावर जाऊन बसता आलं असतं. पण राणावतजींनी खुर्चीतून अर्धवट उठून त्याला हात जोडले होते. ग्राहकाने गार्डला हात जोडल्याचं त्याने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याची छाती आपोआप पुढे आली.

"बघू की, साहेब. त्यात काय एवढं," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत राणावतजी त्याला गाडीतून जुन्या शहरातल्या बंदुकीच्या दुकानात घेऊन गेले. इथून पुढचं बहुतेक बोलणं हिंदीत आणि जयपूरकडच्या ढूंढाडी बोलीत झालं, पण आपण ते आपल्या भाषेत ऐकू.

दुकानदार सत्तरीच्या पुढचा होता, कानात लोकरीचा मफलर कोंबलेला. त्याने परवाना चष्म्याजवळ नेऊन वाचला. "आधीची रिकामी टरफलं आणलीत का?" त्याने विचारलं, कारण जुनी रिकामी दाखवल्याशिवाय तो नवीन भरलेली देत नसे. राणावतजींनी वडिलांच्या काळची चार गंजकी टरफलं खिशातून काढून काउंटरवर मांडली. म्हाताऱ्याने ती हुंगली आणि बाजूला सारली.

"कशासाठी हवीत?"

"खोकड," राणावतजी म्हणाले.

"असं म्हणू नका, हुकम," म्हातारा तिकडच्या अदबीच्या संबोधनाने म्हणाला. " खोकड मारणं गुन्हा आहे, कोल्हा मारणंही. मी देतोय ती रखवालीसाठी. हवेत एक बार काढा, जनावर आठवडाभर फिरकणार नाही. नाहीतर खुराड्याला खालून हातभर जाळी पुरा. ते सगळ्यात चांगलं, पण जाळी माझ्या दुकानात मिळत नाही."

असं म्हणून त्याने तीन काडतुसं शेजारी शेजारी उभी केली. तिन्ही लाल, तिन्हींची बुडं पितळी. बाहेरून पाहणाऱ्याला एकाचं दुसऱ्यापासून काही वेगळं दिसलं नसतं.

"हा सहा नंबर. आत मोहरीहून जरा मोठे छर्रे, दोनशेच्या वर. पाखरांचा माल. थोड्या अंतरावर जोर संपतो, कडब्याच्या पेंढीतसुद्धा अडकतो. आवाजाला हा उत्तम. हा बीबी, छर्रा ज्वारीच्या दाण्याएवढा. आणि हा एल. जी. यात वाटाण्याएवढ्या शिशाच्या गोळ्या, सहाच. हा दरोडेखोराला. लागला तर लागला, पण नाही लागला तर गोळी कुठे जाऊन थांबेल ते मी सांगू शकत नाही. समोर काय आहे त्यापेक्षा त्याच्या मागे काय आहे ते बघून हा चालवायचा."

बळवंत मान हलवत होता. त्याला त्यातलं एकच नाव ओळखीचं होतं. बँकेच्या बंदुकीबरोबर पेटीत जी दहा काडतुसं कुलपात असत, त्यांच्यावर एल. जी. लिहिलेलं असे. बाकीची दोन नावं त्याने आज पहिल्यांदा ऐकली होती.

"फौजी साहब, तुम्ही सांगा," राणावतजी म्हणाले.

"एल. जी.," बळवंत म्हणाला.

म्हाताऱ्याने चष्मा खाली ओढून त्याच्याकडे पाहिलं. "खोकडाला? ते चार शेरांचं जनावर आहे."

म्हातारा आपल्याला पुरता ओळखून चुकलाय असं बळवंतला त्या क्षणी वाटलं. कानाच्या पाळ्या तापल्या. अजूनही माघार घेता आली असती, पण शेजारी राणावतजी उभे होते, आणि बळवंतच्या तोंडून निघून गेलं, "अर्धवट काम आपल्याला जमत नाही."

राणावतजी खूश झाले. म्हाताऱ्याने एल. जी.ची पेटी काढून दिली.

दुसऱ्या शनिवारी बँक बंद, म्हणून त्याच दिवशी जायचं ठरलं. फार्मवर नाथी नावाची विधवा बाई राखणीला होती. साठीची, काटक, खुराड्याच्या कडेलाच तिची झोपडी. जोडीला तिचा भूरिया नावाचा म्हातारा कुत्रा, एका डोळ्याने अधू. तो भुंकायचा, पण धावणं आता त्याच्याकडून होत नव्हतं. तरी नाथी सांगायची की हा नसता तर अकराच्या जागी तीस गेल्या असत्या.

परवाना राणावतजींचा, म्हणून बंदूक त्यांच्याच हातात होती; बळवंत मात्र गाडीतून उतरला तो हुकूम सोडतच. इथे खाट आडवी करा, तिथला दिवा विझवा, कोणी खोकायचं नाही. आयुष्यभर लंगरच्या हवालदाराने त्याला जसं दटावलं होतं अगदी तसं तो इतरांना दटावत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती. भूरिया त्याच्या पायात घोटाळू लागला तेव्हा तो म्हणाला, "कुत्र्याला बांधा. मध्ये आला तर सगळं मुसळ केरात."

"झोपडीत बांधते," नाथी म्हणाली.

"झोपडीतून भुंकेल. त्या गंजीमागे बांधू. कडबा आड आहे, आवाजही दबेल आणि कुत्राही सुरक्षित."

"साहब, खोकड त्याच बाजूने येतं."

"मागे आहे ना तो? गंज आडवी आहे ना? मग झालं तर."

नाथी दोरी आणायला गेली. फौजेतल्या माणसाला आपण काय शिकवायचं? बळवंतने स्वतः दोरी घेतली, बाजरीच्या कडब्याच्या गंजीमागे खुंट ठोकला आणि भूरियाला बांधला. कुत्र्याने त्याचा हात चाटला. बळवंतने हात पँटला पुसला.

दिवेलागणीला खोकड आलं. एवढंसं, करड्या रंगाचं, झुबकेदार शेपटीचं टोक काळं. ते गंजीच्या पुढ्यात थांबलं आणि कान टवकारून उभं राहिलं. असल्या चिमुकल्या जिवासाठी आपण एवढा सरंजाम मांडलाय, असं बळवंतच्या मनात आलं. तेवढ्यात खाटेआडून राणावतजींनी बार काढला. खोकड टुणकन उडालं आणि बाभळींत दिसेनासं झालं. त्याला काही लागलं नव्हतं. गंजीच्या मागून मात्र एक बारीक, लांबलेला आवाज आला.

नाथी सगळ्यांच्या आधी पळाली. बळवंत पोचला तेव्हा तिने भूरियाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कडबा आरपार फाटला होता, बोट जाईल एवढी दोन भोकं, आणि कुत्र्याच्या बरगडीत तसंच एक. सहा नंबरचे छर्रे त्या गंजीत अडकले असते हे बळवंतला कोणी सांगायची गरज नव्हती. दुकानदाराने ते त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. भूरिया थोडा वेळ धापा टाकत राहिला आणि मग थांबला.

राणावतजी बंदूक हातात घेऊनच धावत आले. बंदुकीचा आवाज लांबवर गेला असणार, कोणी विचारायला आलं तर काय सांगायचं, वनखात्याचं काय, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. घाबरलेला माणूस चिडायला जागा शोधतो, आणि त्यांना ती समोरच सापडली.

"कुत्र्याला इथे कुणी बांधायला सांगितलं तुला?" ते नाथीवर ओरडले. "अक्कल आहे की नाही? समोर नेम आणि मागे कुत्रा?"

नाथीने बळवंतकडे पाहिलं. तिने पाहिलं म्हणून राणावतजींनीही पाहिलं. "फौजी साहब, तुम्ही सांगितलंत का इथे बांधायला?"

हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: तुम्ही असं कसं सांगितलंत? आणि त्याच्या पुढचा: तुम्ही नक्की काय केलंत हो फौजेत?

"मी लांब बांध म्हणालो होतो," बळवंत म्हणाला.

नाथी ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने फक्त त्याच्यावरची नजर काढली आणि भूरियाच्या गळ्यातली दोरी सोडायला लागली. बळवंतने मारलेली गाठ तिला लवकर सुटेना. राणावतजी गाडीकडे जाता जाता म्हणाले, "कोंबड्या गेल्या, कुत्रा गेला, आता तुझं काय काम उरलंय इथे? पुढच्या रविवारपर्यंत झोपडी रिकामी कर. मी जवान गडी ठेवतो."

परतताना गाडीत राणावतजी त्याचीच समजूत काढत होते. म्हणे, तुमचा काही दोष नाही, अडाणी बाई. प्रताप नगरची दुकानं मागे पडत होती. बळवंतला गाडीचं दार उघडून बाहेर उडी टाकावीशी वाटत होती. लाज वाटणं म्हणजे काय ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे अशी त्याची समजूत होती. इतकी वर्षं लंगरची गोष्ट लपवताना वाटायचं ते या लाजेपुढे काहीच नव्हतं.

सोमवारी साठेने विचारलं, "काय काका, मोहीम फत्ते?" बळवंत म्हणाला, "निसटलं, साहेब." आठवडाभर तो स्टुलावर बसला. येणारा जाणारा 'राम राम फौजी साहब' म्हणायचा आणि प्रत्येक राम रामला त्याची मान थोडी खाली जायची. बंदूक मांडीवर घ्यायलाही नको वाटे. जेवणाचा डबा तसाच परत जात होता.

शुक्रवारी रत्नमालाने डबा उघडून पाहिला आणि त्याच्यासमोर आदळला. "काय झालंया ते सांगा. पाच दिस बघतीया मी."

बळवंतने सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काहीही न गाळता. ते 'मी लांब बांध म्हणालो' सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला पुन्हा विचारावं लागलं.

तिने डबा उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. मग म्हणाली, "लंगरचं तुमी लपवलंसा, ते मी झाकलं. त्यात कुणाचं वाईट व्हत नव्हतं. ह्ये न्हाई झाकायची मी. त्या बाईचं छप्पर चाललंया."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं. मयूरी दारात येऊन उभी राहिली होती. किती ऐकलं असेल ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"म्हणजे तो निबंध..." ती म्हणाली.

"खोटा हाय, बाळ. मी सैपाक करत हुतो."

मयूरी खाली बघत होती. तिचं मराठी अडखळतं, हिंदी मिसळलेलं, पण जे बोलली ते स्पष्ट बोलली. "पप्पा, मतलब, त्या आजींना सांगितलं तुम्ही?"

"न्हाई अजून."

"मग मला का सांगताय आधी?"

त्या रात्री बळवंतला झोप लागली नाही. शनिवारी बँक होती, म्हणून रविवारी सकाळी तो बस धरून निघाला. बसमध्ये जागा होती तरी तो उभाच राहिला.

फार्मवर पोचला तेव्हा राणावतजी अंड्यांचे ट्रे टेम्पोत लावून घेत होते. झोपडीचं दार उघडं होतं आणि नाथी बाहेर बसून गोधडीत भांडी बांधत होती. एक पातेलं, एक तवा, दोन ताटल्या. बळवंतला पाहून ती थांबली नाही.

"अरे फौजी साहब! या या," राणावतजी म्हणाले.

"मी फौजेत स्वयंपाकी होतो," बळवंत म्हणाला. दोघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बसमध्ये त्याने ठरवून ठेवलेलं सगळं विसरलं होतं, म्हणून जसं आलं तसं तो बोलत सुटला. "बंदुकीतलं मला काही कळत नाही. एल. जी. म्हणालो, कारण तेवढंच नाव ठाऊक होतं. दुकानदाराने सांगितलं तरी ऐकलं नाही. आणि कुत्र्याला गंजीमागे बांधायला मीच सांगितलं. बाई नको म्हणत होत्या. बांधलाही मीच. त्या दिवशी मी खोटं बोललो."

राणावतजी खदखदा हसले. "बावर्ची! बँकेने दारात बावर्ची बसवलाय बंदूक देऊन! साठेसाहेबांना सांगतो हं मी हे." टेम्पोवाल्यालाही त्यांनी हाक मारून सांगितलं. तोही हसला. गेली अकरा वर्षं बळवंत या हसण्याला भीत आला होता. आता ते आलं तर त्याचं काहीच वाटलं नाही, कारण तो नाथीकडे पाहत होता आणि नाथी हसत नव्हती.

"किती माणसांचा स्वयंपाक करायचात?" तिने विचारलं.

"दीडशे."

"रोज?"

"रोज."

"आणि हे सांगायची लाज वाटत होती तुम्हाला?"

बळवंतने होकारार्थी मान हलवली.

नाथीने गोधडीची टोकं एकमेकांवर ओढली. "दीडशे माणसांना रोज जेवू घातलंत त्याची लाज वाटली," ती म्हणाली, "आणि माझ्या अंगावर खोटं टाकताना नाही वाटली." तिचा आवाज चढला नव्हता. ती खरोखरच समजून घ्यायचा प्रयत्न करत असावी, तशी बोलली.

बळवंतच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पन्नाशी उलटलेला मिशीवाला माणूस टेम्पोवाल्यासमोर रडतोय हे त्याला कळत होतं, तरी थांबवता येईना. "वाटायला हवी होती," तो म्हणाला. "चुकलो, बाई."

राणावतजींचं हसू विरलं होतं. ते जरा ओशाळून म्हणाले, "नाथी, राहा मग तू. असू दे. मला काय माहीत होतं?"

"नाही, हुकम," नाथी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही यांना विचारलंत. माझ्यावर नुसते ओरडलात, उत्तर ऐकायला थांबला नाहीत. आठ वर्षं मी इथे आहे." ती उठली. "भावाकडे जाते. पोहोचेन दुपारपर्यंत."

राणावतजी उगाचच ट्रे इकडचे तिकडे करू लागले. नाथीने झोपडीला कडी घातली. गंजीच्या मागे माती नवीन उकरलेली दिसत होती, तिथे ती थोडी थांबली आणि मग रस्त्याकडे वळली. बळवंत लगबगीने तिच्या मागे गेला.

"द्या ते गाठोडं. बसपर्यंत मी आणतो," त्याने हात पुढे केला. "जड आहे."

नाथीने त्याच्या हाताकडे पाहिलं. गाठोडं तिने त्याच्या बाजूच्या हातातून काढून पलीकडच्या हातात घेतलं आणि ती चालू लागली. बळवंत हात पुढे केलेला तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग त्यालाही त्याच थांब्यावरून बस धरायची होती, म्हणून तो तिच्या मागे बरंच अंतर ठेवून निघाला.